खणात उरलेला फोन

१

दुपारी दालन रिकामे झाले, तेव्हा दाराजवळच्या कपाटात एकच फोन उरला होता.

सरकारी रुग्णालयाच्या हृदयविभागात तपासणीच्या दालनात फोन नेता येत नसे. आतल्या खोलीत ठोक्यांचे आलेख निघत आणि तिथे शांतता लागे. म्हणून दाराशी लहान लहान खणांचे एक लाकडी कपाट होते. आवाज बंद करून फोन खणात ठेवायचा, पितळी बिल्ला घ्यायचा, आणि जाताना बिल्ला देऊन फोन सोडवायचा. दालनाच्या सिस्टर या बाबतीत कुणाची गय करत नसत. "इथे फक्त काळजानं वाजायचं," असे त्या प्रत्येक नव्या रुग्णाला बजावत, आणि प्रत्येक नवा रुग्ण उसने हसे.

बिल्ला कुणाकडे राहिला ते पाहायला सिस्टर वळल्या. शेवटच्या बाकावर, भिंतीला डोके टेकून, कुलूपवाले काका बसले होते. ज्यांच्या किल्ल्या हरवल्या त्यांची दारे उघडून देण्यात या माणसाचे आयुष्य गेले होते. आता डोळे मिटून ते असे बसले होते, जणू कुणी आतून त्यांचेच नाव पुकारणार आहे. सिस्टरांनी दोनदा हाक मारली. मग खांद्याला हात लावला, आणि तो हात तिथेच राहिला.

बिल्ला काकांच्या मुठीत होता. ती मूठ सोडवायला लेकीला बराच वेळ लागला.

संध्याकाळी कागदपत्रांसाठी ती खिडकीपाशी उभी राहिली, तेव्हा पलीकडचा माणूस पडद्याकडे पाहून म्हणाला, "ताई, यांना तर शस्त्रक्रियेसाठी बोलावलं होतं. इथे नकार नोंदलाय."

"कुणाचा नकार?"

"त्यांचाच. आज सकाळी."

"माझ्या बाबांनी नकार दिला?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "अहो, ते अंघोळीला जाताना फोन मोरीच्या उंबऱ्यावर ठेवून जायचे. या एका फोनसाठी वर्ष काढलं त्यांनी."

बोलता बोलता तिने वडिलांचा फोन चालू केला. पडद्यावर न उचललेले तीन फोन होते. तिन्हींचा क्रमांक एकच, याच रुग्णालयाचा. वेळ होती त्याच सकाळची. त्या वेळी काका बाकावर बसलेले होते, आणि अजून जिवंत होते.

रुग्णालय ज्याला शहरभर शोधत होते, तो त्याच्याच छताखाली बिल्ला मुठीत धरून बसला होता.

२

आरोग्यखात्यात रुग्णाला उपचारासाठी किती काळ थांबावे लागते हे मोजणारा एक लहानसा विभाग होता. त्यात एक बाई इतकी वर्षे होती की तिला सगळे मोजणीबाईच म्हणत; आधी थट्टेने, मग सवयीने. थांबणे म्हणजे काही न घडणे नव्हे, हे तिला या कामाने शिकवले होते. थांबताना माणूस आतून झिजत असतो, पाण्याकाठच्या पायरीसारखा, आवाज न करता. फक्त ते झिजणे कुणाच्या नावावर मांडले जात नाही.

तिच्या खात्यात या थांबण्याला "घड्याळ" म्हणत. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया लिहिली की रुग्णाचे घड्याळ सुरू होई, टेबलावर घेतले की थांबे. आणि बोलावणे येऊनही रुग्णाने उत्तर दिले नाही, तर तो नकार समजून घड्याळ शून्यावर जाई. रुग्ण रांगेच्या शेपटाला. आयत्या वेळी लोक येत नसत आणि टेबले रिकामी राहत, त्या काळात हा नियम झाला होता. नियम करणाऱ्यांत तीही होती.

काकांच्या लेकीचा अर्ज घेऊन ती पुढच्या तपासणीच्या दिवशी सकाळीच रुग्णालयात पोहोचली. पहिल्या मजल्याकडे जाणारा जिना लांब आणि उभा होता. शेजारी लिफ्टचे दार होते, पण ती पायऱ्यांनी निघाली. वरच्या कठड्याला टेकून पांढऱ्या कोटातला एक उंच माणूस खाली पाहत होता. ती वर येईपर्यंत त्याने नजर हलवली नाही.

"एकदाही थांबला नाहीत," तो म्हणाला. "श्वासही जागेवर आहे. छान."

"रोज असे उभे असता?"

"तपासणीच्या दिवशी. माणसाला जिना चढताना पाहिलं की निम्मं निदान होतं. यंत्रं मग फक्त होकार देतात." हे विभागाचे सर्जन. बोलताना ते रुमालाने एकेक बोट पुसत होते, आणि बोटे कोरडीच होती.

अधीक्षकांची खोली सर्जनांच्या खोलीला लागूनच होती. अधीक्षक गोलमटोल, तोंडभरून हसणारे. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर एक आलेख टांगलेला होता आणि त्यातली रेघ उतरत होती.

"बघा, बघा! थांबण्याचा काळ कसा खाली येतोय. एखाद्याला घसरगुंडी वाटेल."

"नकार वाढले की रेघ उतरतेच, साहेब. घड्याळ शून्यावर गेलेला माणूस आलेखात नवाच दिसतो."

अधीक्षकांचे हसू जागच्या जागी थबकले. "हे बघा, मोजणीबाई, घोळ आमच्या फोनवाल्यानं घातलाय. वेळ बघत नाही, काळ बघत नाही, फोन लावून मोकळा होतो. त्याला आज घरी बसवतो. अहवाल तयार आहे, तुमची सही तेवढी हवी. सर्जनसाहेबांनाही कळवलंय मी, प्रकरण मिटलं म्हणून."

"इतकी घाई?"

"उद्याचं टेबल रिकामं आहे. यादीत जे नाव सगळ्यात वर आहे, त्याला बारापर्यंत फोन जायलाच हवा. त्याच्या आधी हे निस्तरलेलं बरं."

"सगळ्यात वरचं नाव वगळता येतं?"

"छे! कारण द्यावं लागतं, दुसऱ्या डॉक्टरचं मत, घरच्यांशी बोलणं. फार उपद्व्याप. रुग्णानं स्वतःच नकार दिला तर गोष्ट वेगळी."

ती उठली. दारात थांबून तिने विचारले, "काका गेल्यावर आता सगळ्यात वर कोण आहे?"

अधीक्षकांनी पडद्यावर पाहिले. "एक शिवणकाम करणाऱ्या बाई. आज तपासणीलाच आल्या असतील."

३

फोनवाल्याची खोली मागच्या इमारतीत, धोबीखान्याच्या पलीकडे होती. कानाला तार लावलेला एक सडपातळ माणूस तोंडात घशाची गोळी चघळत बसला होता. त्याचा आवाज मात्र मखमली होता. दिवसभर अनोळखी माणसांना धीर देऊन देऊन तो तसा झाला असावा.

"या, मोजणीबाई. बळीचा बकरा बघायला आलात?"

"बकरा बोलतो का, ते बघायला आले."

तो मनापासून हसला, आणि लगेच गंभीर झाला. "तीनदा फोन केला मी. नियमानं. दर दहा मिनिटांनी. घंटी वाजत राहिली."

"ते दालनात बसले होते."

"मला कसं दिसणार, बाई? माझ्या खिडकीतून वाळत घातलेल्या चादरी दिसतात. काकांचा आवाज ओळखायचो मी. मधूनमधून तेच फोन करायचे, 'बाबा रे, माझा फोन लागतो ना, जरा लावून बघ.' मी लावून बघायचो." त्याने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. "त्या दिवशी उचलला नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती."

"फोन कधी करायचा हे कोण ठरवतं?"

"मी तर नाही. पडद्यावर निरोप येतो. अमुक रुग्णाला आत्ता फोन करा, अर्ध्या तासात उत्तर नाही आलं तर नकार. निरोप पहिल्या मजल्यावरून निघतो, पण पाठवणाऱ्याचं नाव येत नाही. तिघांचं मिळून एकच खातं आहे. अधीक्षक, सर्जनसाहेब आणि दालनातल्या सिस्टर."

"काकांसारखे नकार आणखी किती?"

तो बाजूला सरकला आणि तिला पडदा दाखवला. वर्षभरातले नकार होते. तिने ते सावकाश वाचले, एखाद्या घरातल्या बंद खोल्या एकेक करून उघडाव्यात तसे. काही इकडचे तिकडचे होते, गावाला गेलेली माणसे, बदललेले क्रमांक. ते वगळल्यावर मूठभर नावे उरली. त्या सगळ्यांना फोन गेला होता तपासणीच्या दिवशी, सकाळच्या वेळात. सगळ्यांचे फोन तेव्हा लाकडी खणात होते.

चूक आंधळी असते. ती कधी दुपारी घडते, कधी संध्याकाळी, कधी कुणाच्याही नशिबी येते. इथे मात्र डोळस हात फिरला होता.

"यातले किती जण आज आहेत?"

फोनवाल्याने तार कानातून काढली. पहिल्यांदाच त्याचा आवाज घोगरा झाला. "ते माझ्या पडद्यावर येत नाही, बाई."

४

दालनात पाऊल टाकताना तिनेही फोन खणात ठेवला आणि बिल्ला घेतला. बाके जवळजवळ भरलेली होती. कुणी बोलत नव्हते, तरी खोलीत एक अखंड हालचाल होती. माणसे बसल्या जागी श्वास सावरत होती.

शेवटच्या बाकावर एक लहानखुरी बाई होती, गळ्यात शिंप्याची पिवळी टेप. बहुधा ती काढायचे भानच राहिले नव्हते.

"तुम्हीच मोजणीबाई ना?" ती म्हणाली. "मीही मोजणारीच. फक्त माझी टेप खोटं बोलत नाही."

"माझी बोलते?"

"वर्षभर थांबलेल्या माणसाला तुमचं यंत्र म्हणतं, नवीन आलाय. आता तुम्हीच सांगा!" हसताना शिंपीणबाईला दम लागला. तिने बोट वर करून थांबायला सांगितले, श्वास गोळा केला, आणि मग पुढे बोलली. "काका माझ्या शेजारीच बसायचे. म्हणायचे, आपल्या दोघांतला आधी मी, मग तुम्ही, भांडायचं नाही. आता माझाच नंबर पहिला. घरी फोन उशाशी घेऊन झोपते."

"शिवणकामवाल्या बाई, वर या!" आतून पुकारा झाला. शिंपीणबाई उठली, जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत गेली, वर पाहिले, आणि लिफ्टकडे वळली.

सिस्टर टेबलापाशी रक्ताच्या नळ्या लावत होत्या. थोराड अंगाची, कमी बोलणारी बाई. प्रश्न विचारताच त्यांनी हातातली नळी खाली ठेवली.

"माझ्यावर संशय आहे ना? असायला हवा. फोन खणात असतात हे माझ्याइतकं कुणाला माहीत?"

"त्या दिवशी तुम्हाला काहीच जाणवलं नाही?"

सिस्टर कपाटाकडे पाहत राहिल्या. "जाणवलं. आवाज बंद केला तरी फोन थरथरतो. लाकडात तो गुरगुरतो, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. त्या सकाळी तीनदा गुरगुरला. मी उठले नाही. माझाच नियम." त्यांनी कपाटापासून बाकापर्यंत नजर नेली. मग त्या म्हणाल्या, "उठले असते तर काका चार पावलांवर होते."

"निरोपाचं खातं तुमच्याकडेही आहे."

"आहे, पण इथे संगणक नाही. वर जावं लागतं, आणि तपासणीच्या सकाळी मी ही खोली सोडली तर रक्त कोण काढणार? शिवाय उन्हाळ्यात महिनाभर मी लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. तेव्हा असे नकार थांबले होते का, ते बघा."

थांबले नव्हते. फोनवाल्याच्या पडद्यावर त्या महिन्यातली दोन नावे तिने स्वतः वाचली होती.

म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन दारांपैकी एक.

लिफ्टचे दार उघडले आणि शिंपीणबाई परतली. बाकावर बसता बसता ती कुजबुजली, "सर्जनसाहेब आज फारच गोड बोलले. मी लिफ्टमधून बाहेर आले तर जिन्यापाशीच उभे. म्हणाले, मागच्या वेळी चढून आला होतात ना? म्हटलं, आज नाही जमलं. काकांनाही शेवटी शेवटी जमत नव्हतं. त्यांनाही असंच विचारलं होतं."

मोजणीबाईच्या मनात काहीतरी लखकन हलले, पाण्याखाली मासा वळावा तसे.

५

अधीक्षक अहवाल घेऊन स्वतःच खाली उतरले होते. "अहो, कुठे होतात? बारा वाजत आले. सही करा आणि मोकळ्या व्हा."

"बसा, साहेब. मी आधी तुमच्यावर संशय घेतला होता, ते सांगून टाकते."

अधीक्षक खरोखरच बसले.

"तुम्हाला रेघ उतरवायची होती. तसं असतं तर तुम्ही सगळ्यात जास्त थांबलेल्यांची घड्याळं आधी शून्यावर नेली असती. फोनवाल्याच्या पडद्यावर ज्यांचे नकार आहेत, त्यांतल्या कित्येकांचं थांबणं बेताचंच होतं. नाव वर आलं की लगेच उडालेले. आणि इतर वेळी त्यांच्याहून जास्त थांबून वर आलेले तसेच पुढे सरकून शस्त्रक्रिया होऊन घरी गेले. रेघेची काळजी असणारा माणूस असा उलटा हिशोब करणार नाही."

"मी... नाहीच केला," अधीक्षक पुटपुटले.

"मग नकार आलेल्यांत समान काय? वय नाही, आजार सगळ्यांचा तोच. सिस्टर, मी नावं सांगते. ही माणसं वर कशी जायची, तेवढं आठवा." तिने फोनवाल्याच्या पडद्यावर वाचलेली नावे एकेक करून उच्चारली.

"लिफ्टनं," सिस्टर म्हणाल्या. "या लिफ्टनं. हे चाकाच्या खुर्चीतून. ह्या आधी जिन्यानं यायच्या, मग लिफ्टनं. हे..." आणि त्या थांबल्या. चेहऱ्यावरचा रंग उतरला. "सगळी लिफ्टची माणसं."

"जी जिना चढली त्यांना टेबल मिळालं. जी चढू शकली नाहीत, त्यांनी नकार दिला. साहेब, तुमची खोली तर दार लावलेली असते. कोण चढतं आणि कोण नाही, हे तपासणीच्या दिवशी जिन्याच्या टोकाला उभं राहून कोण बघतं?"

अधीक्षकांची नजर जिन्याकडे गेली. शिंपीणबाईने गळ्यातल्या टेपचे टोक मुठीत धरले होते.

"पण का?" सिस्टर म्हणाल्या. "ते तर देवमाणूस..."

आणि तेवढ्यात कपाट गुरगुरले.

लाकडाच्या पोटातून तो आवाज आला, खालच्या पट्टीतला, हट्टी. दालनातली सगळी माणसे दाराकडे वळली. शिंपीणबाईने मुकाट्याने आपला बिल्ला पुढे केला. मोजणीबाईने खण उघडला. फोन तळहातावर जिवंत पाखरासारखा थरथरत होता. पडद्यावर रुग्णालयाचा क्रमांक होता.

तिने तो कानाला लावला. पलीकडून मखमली आवाज आला, "नमस्कार, हृदयविभागातून बोलतोय. आपल्या शस्त्रक्रियेसाठी उद्याचं टेबल..."

"मी मोजणीबाई बोलतेय. त्या इथेच आहेत, माझ्यासमोर. निरोप कधी आला?"

"आत्ताच. या मिनिटाला."

अधीक्षक तिच्या पुढ्यात बसलेले होते. सिस्टर तिच्या शेजारी उभ्या होत्या.

शिंपीणबाईने मान डोलावली. "लिहून घ्या," मोजणीबाई म्हणाली. "रुग्णाचा होकार."

६

ती जिना चढली तेव्हा सर्जन कठड्यापाशी नव्हते. ते संगणकासमोर बसले होते आणि पडद्यावर नुकताच उमटलेला शब्द वाचत होते. होकार. मागोमाग धापा टाकत अधीक्षक आले.

"बसा," सर्जन म्हणाले. आवाजात आश्चर्य नव्हते. दीर्घ काळ दाराकडे पाहत बसलेल्याला कुणीतरी शेवटी आल्याचा थकवा होता. "जिन्यावरून कळलं तुम्हाला."

"तुम्हीच सांगितलंत सकाळी. निम्मं निदान जिन्यावर होतं."

"दोन वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर ओळीनं तीन माणसं गेली. तिघंही अशीच, दोन पायऱ्यांत थांबणारी. चूक नव्हती माझी, चौकशीतही तेच निघालं. पण त्यानंतर..." त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. बोटांना किंचित कंप होता. कागदावर उन्हाची तिरीप हलावी इतकाच. "टेबलावर गेलेला माणूस माझ्या नावावर लागतो, बाई. प्रत्येक सर्जनचा आकडा दरवर्षी भिंतीवर लागतो. बाकावर गेलेला कुणाच्याच नावावर लागत नाही."

"म्हणून तुम्ही त्यांना बाकावर ठेवलंत."

"कारण देऊन वगळलं असतं तर विचारलं असतं, का घाबरता? नियम मात्र काही विचारत नव्हता. फोन वाजतो, कुणी उचलत नाही, नकार. खण बंद. मी कुणाला मारलं नाही, असं मी रोज स्वतःला..." वाक्य तिथेच सुटले.

ती खिडकीकडे पाहत होती. नकाराचा तो नियम लिहिताना तिला रिकामी टेबले दिसली होती, बाक दिसला नव्हता. ते आता सांगून उपयोग नव्हता.

"खाली चला," ती म्हणाली. "चौकशी पुढे होईल. अधीक्षकसाहेब आहेत, आरोग्यखातं आहे. पण उद्याचं टेबल ज्यांचं आहे, त्यांना हे सगळं अजून कुणी विचारलेलं नाही."

सर्जन जिना उतरले. दालनात शिंपीणबाईच्या शेजारी, काकांच्या रिकाम्या जागेवर, ते बसले.

"तुमचं हृदय फार थकलंय, बाई. तुमच्यासारख्यांना टेबलावर घेतलं, तर दहातले तिघे-चौघे उठत नाहीत."

"आणि बाकावरून किती उठतात?"

सर्जनांचा हात रुमालाकडे गेला आणि तसाच मांडीवर परतला.

"कापड अपुरं असलं तर मी गिऱ्हाइकाला परत पाठवत नाही," शिंपीणबाई म्हणाली. मध्येच थांबली, श्वास घेतला. "त्याला सांगते, एवढ्यात एवढंच बसेल, बाह्या आखूड होतील, चालेल का? तो चालेल म्हणाला तरच कात्री लावते. नाही म्हणाला तर कापड त्याचं. तुम्ही विचारलंच नाहीत हो मला. माझ्या वतीनं परस्पर नाही म्हणून टाकलंत."

"आता विचारतो."

"मग चालेल."

"माझा हात आता..."

"दिसतोय मला. माझाही थरथरतो, दोरा ओवताना." तिने अधीक्षकांकडे पाहिले. "दुसरं कुणी करणार असेल तर करू दे. पण हे तिथे उभे राहतील. त्यांनी बघायला हवं."

गळ्यातली टेप काढून तिने मोजणीबाईच्या हातात दिली. "आत नेऊ देणार नाहीत. सांभाळा. पुढच्या महिन्यात एका नवरीची चोळी राहिलीये."

७

शस्त्रक्रिया दुसऱ्या रुग्णालयातून आलेल्या एका ज्येष्ठ सर्जनबाईंनी केली. ती लांबली. हृदयाची नवी झडप बसली, हृदय सुरू झाले, पण शिंपीणबाई शुद्धीवर आली नाही. संध्याकाळी नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळ झाली तरी नाही.

मोजणीबाई दालनातल्या शेवटच्या बाकावर बसली होती. फोन खणात, बिल्ला एका हातात, टेप दुसऱ्या हातात. आयुष्यभर तिने लोकांचे थांबणे बाहेरून मोजले होते. आतून त्याला आकडे नसतात, हे तिला आज कळत होते. भिंतीवरचा एक ओरखडा, दाराची करकर, दूर कुणाचे तरी पाऊल. प्रत्येक गोष्ट आपल्यासाठीच येते आणि आपल्याला ओलांडून निघून जाते.

काकांची लेक येऊन शेजारी बसली. चौकशीची बातमी तिला कळली होती. सर्जनांनी लेखी कबुली दिली होती, फोनवाला आपल्या जागी कायम राहिला होता. ती सूडाच्या गोष्टी बोलली नाही.

"बाबांच्या नावापुढचा तो नकार," तिने विचारले, "तो तसाच राहणार?"

"काल खोडला."

"आणि तिथे काय लिहिलंत?"

"हजर होते."

लेकीने तोंडावर पदर घेतला. पहिल्यांदाच ती रडली, आणि मोजणीबाई तिच्याकडे न पाहता बसून राहिली. कारण काही रडणी कुणी न पाहिलेलीच बरी असतात.

मग कपाट गुरगुरले.

आज सिस्टर बसून राहिल्या नाहीत. हातातली नळी टाकून त्या धावल्या, खण उघडला, बिल्ल्याचा क्रमांक मोठ्याने पुकारला. दालनातल्या प्रत्येकाने आपापली मूठ उघडून पाहिली. क्रमांक मोजणीबाईचा होता. पण तिला उठताच येईना. सिस्टरांनी तिच्याकडे एकदा पाहिले आणि फोन स्वतःच कानाला लावला.

त्या ऐकत होत्या. पलीकडचा मखमली आवाज दालनात पोहोचत नव्हता. सिस्टरांच्या कमी बोलणाऱ्या चेहऱ्यावरून काही कळेना. रांगेतली सगळी माणसे आपला श्वास सावरायचे विसरून त्यांच्याकडे पाहत होती.

सिस्टरांनी फोन खाली घेतला.

"श्वासाची नळी काढली. डोळे उघडलेत," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज दालनातल्या कडक नियमाविरुद्ध चढला. "तुम्हाला वर बोलावलंय, बाई. टेप परत मागतायत."